आमच्यात कुणी घालत नाही

आपा, तू वाकलीस ती मुद्दाम वाकलीस का, हे विचारायचं राहून गेलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला आलेल्या बायकांना चहा देत होते तेव्हाही माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. कुणी तुझ्या हातच्या दालच्याची आठवण काढत होतं, कुणी तुझ्या शाळेतल्या छडीची. मी मात्र सिनेमातल्या त्या एका दृश्यात अडकले होते. तू पाण्याची कळशी उचलायला वाकतेस, पदर सरकतो, गळ्यातली काळी पोत बाहेर येते आणि झुलते. मग तू सरळ होतेस, पदर सारखा करतेस, झालं. एखाद्यानं तेवढ्यात खुर्चीखाली पडलेली चप्पल शोधली तर त्याला दिसायचंही नाही. आणि तेवढ्यावरून आपण दोघी किती भांडलो.

मी रडले नाही म्हणून तुझ्या नणंदा माझ्याकडे बघत होत्या. रडायला माणसं पुष्कळ होती. मंडप, खुर्च्या, पाण्याचा टँकर, मुखेडहून आलेल्यांच्या जेवणाची सोय, हे बघायला कुणी नव्हतं, ते मी बघितलं. मला ते जमतं, तुला ठाऊक आहे. जे जमत नाही ते इथं लिहून बघते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण घरात आपण दोघी जन्मभर दखनीत भांडलो, पण लिहायची वेळ आली की हात मराठीकडंच वळतो. तू शाळेत मराठी शिकवायचीस. हे वाचून दोन-चार ठिकाणी लाल शाई मारली असतीस.

आधी पोतीचं सांगते. तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगावं लागेल, आणि नेमकं तेच आपलं भांडण होतं. आपल्याकडं लग्नात सासरच्या बायका नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा बांधतात. अम्मीच्या गळ्यात होता, नानीच्या होता. नांदेडात, लातुरात, उदगिरात जुन्या मुसलमान घरांतल्या बायकांच्या गळ्यात बघा, दिसेल. शेजारणीच्या मंगळसूत्रासारखाच दिसतो, कारण पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत राहिल्यावर आणखी कसा दिसणार?

तुला ते टॉकीज आठवतं ना, अम्मी आपल्याला घेऊन गेली होती ते? पडद्यावर झुंबरं, रेशमी पडदे, शेरवानीतले नवाब. एक बाई हात कपाळापर्यंत नेऊन आदाब करत होती आणि तिचा हात खाली यायलाच तयार नव्हता. अम्मीनं तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर सावरत मोठ्यानं विचारलं, "ये लोगां कौन हैं गे? अपने हैं क्या?"

तू म्हणालीस, "हौ अम्मी, अपनेच हैं बोलते."

"फिर इनके घर में भाकर कौन थापता?"

बायकांची अख्खी रांग हसली. तूही हसलीस. मी हसले नाही. मला अम्मीची लाज वाटली. घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहून आदाब घोटवला आणि अब्बांवर करून बघितला. ते दुकानातून गाद्या भरून आले होते, मिशीत कापूस अडकलेला. त्यांनी विचारलं, हाताला काय झालं, मच्छर आहे का. तू पोट धरून हसलीस. मला मात्र वाटायचं की पडद्यावर दिसतात ती खरी माणसं, आणि आपण त्यांची कशीतरी, घाईत काढलेली नक्कल आहोत. भाकरी खाणारी, कारळाची चटणी खाणारी, ज्यांच्या अब्बांच्या मिशीत कापूस असतो अशी.

मराठी सिनेमात आणि मालिकांत तर आपण नव्हतोच. आलोच तर डोळ्यात सुरमा, गळ्यात ताईत आणि तोंडात मोडकंतोडकं मराठी. म्हणजे जिथं मुसलमान होते तिथं आपल्यासारखे नव्हते, आणि जिथं मराठी बोलणारे होते तिथं आपण नव्हतो. असं कितीतरी वर्षं बघितलं की माणूस तक्रार करत नाही. तो हळूहळू स्वतःलाच बदलतो. मी बदलले.

लग्न होऊन लातुरात आले, शाळांचे युनिफॉर्म शिवायचं दुकान टाकलं. गल्ल्यावर बसलं की दिवसातून एकदा तरी कुणीतरी म्हणायचं, "तुमचं मराठी किती छान आहे हो." मी थँक यू म्हणायचे. जन्मल्यापासून बोलते ती भाषा मला येते म्हणून शाबासकी, आणि मी ती घ्यायचे. हे एकदा तुला कौतुकानं सांगितलं तर तू भडकलीस. म्हणालीस, "त्यांना इचार की, तुमचं बी छान हाय, कुठं शिकलात?" मी म्हणाले, आपा, मला दुकान चालवायचंय.

पोतीचंही तसंच. गिऱ्हाईक बाई माप द्यायला समोर उभी राहायची, नजर माझ्या गळ्यावर, आणि मग, "अय्या, तुमच्यातपण असतं?" त्यात वाईट हेतू नसायचा. पण रोज कोण सांगत बसणार? दुसरीकडं आपल्यातल्याच काहीजणी सांगायला लागल्या की हे आपलं नव्हेच, कुणाकुणाचं बघून आलेलं आहे, काढून टाक. दोन्हीकडून एकच प्रश्न, हे तुमचं कसं. एके दिवशी मी पोत काढली आणि बटणांच्या डब्यात टाकली. घरी विचारलं तर सांगितलं, मशिनीत अडकते. शिवणाऱ्या बाईला एवढं कारण पुरतं. कुणी पुन्हा विचारलं नाही.

मग तुझा तो सिनेमा आला. निवृत्त झाल्यावर तुला बसवत नव्हतं, म्हणून मुखेडकडं चित्रीकरण आहे, बाया पाहिजेत, असं कळल्यावर तू गेलीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात आयुष्यभर नाटकं बसवलेली, तुला कसली भीती! त्यांनी तुला शेजारीण केलं, अमीनाबी. दोन प्रसंग. पुढचं तू मला इतक्यांदा सांगितलंस की आता वाटतं मी तिथं उभी होते.

कपडेपट बघणारी मुंबईची मुलगी आली आणि तुझ्या गळ्याकडं बोट करून म्हणाली, "मावशी, हे काढून ठेवा हं."

"कामून?"

"मंगळसूत्र आहे ना. लोक कन्फ्यूज होतील. तुम्हाला मुस्लिम दाखवलंय."

"दाखवलं न्हाई बाळा. हायेच मी."

ती बिचारी गोंधळली आणि मोठ्या माणसाला घेऊन आली. तो सभ्य होता. म्हणाला, मावशी, तुमचं खरं असेल, पण प्रेक्षकाला खरं वाटलं पाहिजे. हे वाक्य तू नेहमी थांबून, त्याच्या आवाजात सांगायचीस. खरं आहे ते नाही, खरं वाटेल ते. तू म्हणालीस, सासूनं बांधलेली पोत आहे, मालक जिवंत आहे, मी काढत नाही. आणि सिनेमात शेजारच्या घराला आग लागल्यावर अमीनाबीनं "या अल्लाह, ये क्या हो गया" असं ओरडायचं होतं, तेही तू म्हणायला नकार दिलास. जिचं घर जळतंय ती मराठी, गाव मुखेडकडचं, मी "अगं माय, ह्ये काय झालं" असंच म्हणणार. वाक्याचं त्यांनी ऐकलं. पोतीवर तोड निघाली की पदर घट्ट घ्यायचा, पोत आत. तू मान डोलावलीस.

आणि मग कळशी उचलायला वाकलीस.

सिनेमा लातुरात लागला तेव्हा तू मुद्दाम माझ्याकडं आलीस. माझ्याबरोबर बसूनच बघायचा होता तुला. आपल्या मागच्या रांगेत एका शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडम बसल्या होत्या, त्यांच्या दोन मुलींना घेऊन. त्यांच्या शाळेचे सगळे युनिफॉर्म माझ्याकडं. मी वळून नमस्कार केला, पण तुझी ओळख करून दिली नाही. का नाही दिली, कोण जाणे. सिनेमा सुरू होत होता असं म्हणता येईल.

पडद्यावर तू आलीस, मस्त दिसलीस. अगदी अम्मी चालायची तशी चाललीस. मग कळशी, पदर, पोत. आणि मागून मॅडमचा आवाज आला, मुलींना समजावणारा. "बघ, चूक झाली यांची. मुसलमान बाई दाखवलीय आणि गळ्यात मंगळसूत्र." मुली हसल्या. चूक सापडली की माणसं हसतात तसं.

तू लगेच वळलीस. खुर्चीच्या पाठीवर कोपर ठेवलंस, गळ्यातून पोत बाहेर काढलीस आणि अंधारात त्यांच्यासमोर धरलीस. "चूक न्हाई बाई. माझी हाय ती. आमच्यात घालतात."

मॅडम ओशाळल्या. म्हणाल्या, अहो त्या तुम्हीच का, आम्हाला खरंच माहिती नव्हतं. चांगल्या बाई आहेत त्या. तिथंच गोष्ट संपली असती. पण आजूबाजूचे लोक वळून बघत होते, आणि मला वाटलं, आता उद्या दुकानात हा विषय निघणार. मी तुझा हात दाबून खाली घेतला आणि हसत मॅडमना म्हणाले, "आपा जरा जुन्या वळणाची आहे. आता आमच्यात कुणी घालत नाही."

तू पोत आत टाकलीस आणि पुढं बघायला लागलीस. पडद्यावर तुझा दुसरा प्रसंग येऊन गेला. तो मी बघितलाच नाही. समोर डोळे होते, पण बघितला नाही.

रिक्षात बसल्यावर तू पदर सारखा केलास. मग विचारलंस, "तेरी किधर है?"

"मशीन में अटकती."

तू माझ्याकडं बघितलंस. वर्गात कुणी गृहपाठ घरी राहिला म्हणून सांगितल्यावर बघायचीस तसं. आणि म्हणालीस, "कोई नहीं पहनते बोली तू. फिर मैं किस में हूं गे?"

मी पैसे काढायला पर्स उघडली. घर आलं होतं.

त्यानंतर फोनवर आपलं हेच चालायचं. तू तब्येतीचं विचारायचीस, मी विचारायचे, आणि दोन मिनिटांत गाडी तिथंच. मी म्हणायचे, आपा, क्षणभर दिसलेल्या मण्यांनी काय होतं? कोण लक्ष देतं? तू म्हणायचीस, तुझ्या मॅडमनं दिलं ना. मी म्हणायचे, तू निवृत्त आहेस, पेन्शनवर बसून तत्त्वं सांभाळतेस, मला रोज गल्ल्यावर शंभर नमुन्यांशी हसावं लागतं, प्रत्येकीला आपलं पुराण कुठून सांगू? आणि एकदा तू शांतपणे म्हणालीस, "म्हनूनच बोलतेय मी. एकदा पडद्यावर दिसलं की दुकानात सांगावं लागत न्हाई." वाद घालताना तू मराठीत शिरायचीस, शिक्षिकेची सवय.

 मी म्हणाले, दुधाला उकळी आली, ठेवते.

माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. तिनं तो सिनेमा लॅपटॉपवर मैत्रिणींना घेऊन बघितला, नेमकं ते दृश्य थांबवून फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला, खाली लिहिलं, ही माझी खाला. मला फोन करून म्हणाली, "अम्मी, तिथं सगळे मला विचारतात तू मुस्लिम वाटत नाहीस, मराठी वाटत नाहीस, मग नक्की कुठली. आता मी फोटो दाखवते." आणि मग म्हणाली, "लग्नाच्या फोटोत तुझ्या गळ्यातपण आहे ना? मग आता कुठाय?" तुझाच प्रश्न, तुझ्याच सुरात. तुम्ही दोघींनी ठरवून विचारलं की काय, असं मला वाटलं आणि मी तिच्यावरच वैतागले. पण ती फोनवर हसत होती, आपा. लहानपणी मी आरशासमोर उभी राहून दुसऱ्या कुणाचा तरी हात कपाळावर घेऊन जात होते. ही स्वतःच्या खालाचा फोटो दाखवत हिंडत होती. हे मी तुला सांगायला हवं होतं. तू जिंकलीस असं झालं असतं, म्हणून सांगितलं नाही.

मग तुझ्या घरून फोन आला.

तुला शेवटची अंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. अंगावर चादर, कोमट पाणी, बोरीचा पाला. सगळे दागिने काढायचे असतात. बांगड्या निघाल्या, कानातले निघाले. पोत निघेना. मागचा फासा इतक्या वर्षांत कुणी सोडलाच नव्हता, दोरा एकमेकांत बसून गेला होता. तुझी मोठी नणंद म्हणाली, कापावी लागेल. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण माझ्या पिशवीत कात्री असतेच.

मी कापली, आपा. मॅडमसमोर ज्या गोष्टीला मी जुनं वळण म्हणाले होते ती शेवटी माझ्याच हातानं निघाली. दोरा जुना, कात्री लागताच सगळा सर सुटला आणि मणी ओल्या फरशीवर टपाटप सांडले. आम्ही चौघी गुडघ्यांवर बसून पाटाखाली, मोरीच्या तोंडाशी मणी वेचायला लागलो. मध्येच नणंद म्हणाली, आता उठून ओरडेल बघा, नीट वेचा म्हणून. एक-दोघींना हसू आलं आणि लगेच रडूही. मी वेचत राहिले. काही मणी पाण्याबरोबर गेले. मिळाले ते धुऊन, पुसून, रुमालात बांधून दुल्हेभाईंना दिले. त्यांनी रुमाल उघडला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात ठेवून मय्यतीला निघाले.

लातुरात परत आल्यावर कपडे धुवायला काढले तर माझ्या ओढणीच्या काठात तुझा एक मणी अडकलेला सापडला.

मी बटणांचा डबा उपसला. पोत तळाशी होती, हुकांच्या आणि तुटक्या चेनच्या ढिगाखाली. दोरा कुजला होता. कुणाकडं न्यायची म्हणून थांबले नाही, शिलाईचा जाड दोरा दुहेरी करून मीच ओवली. तुझा मणी मध्ये कुठंतरी घातला. आता कितीही बघितलं तरी तो कुठला ते मला ओळखू येत नाही.

काल मॅडम दुकानात आल्या होत्या. तुझं कळलं म्हणून आल्या, मापाचं काही काम नव्हतं. तुझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मी धीर करून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी टॉकीजमध्ये मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आमच्यात घालतात."

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "काय सांगितलं होतं तुम्ही?"

त्यांना आठवतच नव्हतं. तू अंधारात पोत पुढं धरलीस ते त्यांना आठवत होतं, तुझं वाक्यही जसंच्या तसं. माझं आठवत नव्हतं. ज्या बाईसमोर लाज राखायला मी तुला परकं केलं, तिच्या कानात ते शब्द टिकलेही नाहीत. टिकले ते तुझ्याच कानात, रिक्षापासून शेवटपर्यंत.

तू विचारलं होतंस तेरी किधर है. गळ्यात आहे. ओढणीच्या आत आहे, अजून बाहेर काढलेली नाही. मॅडमसमोरही नाही काढली. हात तिथपर्यंत गेला होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, अर्धं काम केलंस गे, नेहमीसारखं. असू दे. तुझ्यासारखं एका वाकण्यात मला जमणार नाही.

आज दिवसभर मशिनीवर बसले होते. पायानं चालवायची जुनी मशीन, तीच. चौथीच्या मुलांच्या चड्ड्या, मुलींचे पिनाफोर, कॉलर, काज. सारखी वाकत होते आणि प्रत्येक वाकण्याला पोत पुढं येऊन कापडाच्या वर झुलत होती. सुई खालीवर होत होती, चाक फिरत होतं.

अडकत नाही, आपा. कधी अडकलीच नव्हती.